शरण आलेल्याचा खटला

खलनायकाने शस्त्र खाली ठेवलं की पुढचं दोन वाक्यांत आटपावं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. ‘राजाच्या शिपायांनी त्याला नेलं. पौर्णिमेला त्याला फाशी झाली.’ झालं. आता सांगा, पुढे कुठे निघालात? डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, गोष्ट पुढे न्यायची असते, कोर्टकचेरीत अडकवायची नसते, असं मी नव्याने डीएम होणाऱ्यांनाही सांगायचे. ते मत मी सोडलं आहे. पण त्यामागची कारणं पोकळ नव्हती, म्हणून ती आधी सांगते.

हा खेळच मुळात लढाईतून आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो आणला, तेव्हा त्याच्या बुडाशी ‘चेनमेल’ हा युद्धाचा खेळ होता. तलवार कशी लागते, जखम किती होते, यावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत. १९८१च्या बेसिक संचात तर शत्रूचा धीर सुटला का, हे दोन फासे टाकून बघायचा नियम होता. म्हणजे शत्रू कधी कच खाईल हे ठरवायला फासे होते. त्याने हात वर केल्यानंतर त्याचं काय करायचं, हा प्रश्न टेबलावरच्या माणसांवर सोडलेला. मग खटला भरला की न्यायाधीश डीएम, सरकारी वकील डीएम, साक्षीदार डीएम आणि आरोपीही डीएमच. मी तासभर स्वतःशीच बोलायचं आणि खेळाडूंनी वेफर्स खात ऐकायचं, यात कसला खेळ?

जादूची अडचण वेगळीच. ‘झोन ऑफ ट्रुथ’ नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. त्याच्या पंधरा फुटांच्या घेऱ्यात मंत्र लागू पडलेल्या माणसाला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. आरोपीला घेऱ्यात उभं करा, ‘तू केलंस का?’ विचारा, संपला खटला. आणि हेही कमी पडलं, तर पार्टीतला, म्हणजे खेळाडूंच्या नायकांच्या टोळीतला, गोडबोल्या गवई (बार्ड) वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात घसघशीत बोनस मिळवतो आणि न्यायाधीशाचं मन वळवून मोकळा होतो. माणसाच्या जिवाचा फैसला एका फाशावर व्हावा, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही नाही.

मत बदललं ते ओर्वानमुळे. ओर्वान माझ्या कॅम्पेनमधला, म्हणजे आमच्या लांबलचक चालणाऱ्या गोष्टीतला, धरणाचा रखवालदार, मोठा जादूगार. वरच्या खोऱ्यातून मेलेल्यांची फौज उतरत होती. ती अडवायला त्याने बांध फोडला आणि खालचं सारवट गाव झोपेत वाहून गेलं. शेवटच्या लढाईत, अर्धे शिपाई पडल्यावर, त्याने काठी जमिनीवर ठेवली. “माझ्या माणसांना जाऊ द्या. मी तुमचा.” आमच्या क्लेरिकने, म्हणजे पार्टीतल्या पुरोहित पात्राने, त्याला अभय दिलं. ‘रोग’, म्हणजे चोरट्या चालीचं पात्र, खेळणाऱ्याची पाळी पुढची होती, त्याला तिथेच गळा चिरायचा होता. मोठ्या मिनतवारीने तो थांबला. मी नेहमीप्रमाणे राजाचे शिपाई आणले. क्लेरिक खेळणारी म्हणाली, “एक मिनिट. अभय मी दिलंय. राजाने नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शरण आलेल्याला अभय देणं ही आपल्याकडच्या गोष्टींमधली केवढी मोठी गोष्ट. ती तिने खेळात स्वतःहून केली होती, आणि मी दोन वाक्यांत तिचा शब्द तिच्या वतीने मोडायला निघाले होते. लढाईत मी कुणाची तलवार माझ्या हातात घेत नाही. मग दिलेला शब्द का घ्यावा?

खटला चालवायचं ठरलं. टेबलावरची एक मैत्रीण खरोखरची वकील आहे. तिने एकच अट घातली: निकाल आधी ठरलेला नसेल तरच ती बचाव करेल. न्यूरेंबर्गला १९४६ साली नाझी पुढाऱ्यांवरच्या मुख्य खटल्याचा निकाल लागला, त्यात तीन आरोपी निर्दोष सुटले; सुटण्याची वाट खरोखर उघडी असेल तरच त्याला खटला म्हणायचं, असं तिचं म्हणणं. मी न्यायासन सोडलं. बाकीच्या पाच खेळाडूंना खोऱ्यातल्या पाच गावांचे पंच केलं, प्रत्येकाला एका कार्डावर नवं माणूस लिहून दिलं: सारवटमध्ये लेक गमावलेली कोळीण, बांधामुळे ज्याचं शेत वाचलं तो पाटील, असे. त्यांचे नेहमीचे नायक साक्षीदार झाले. माझ्याकडे फक्त आरोपी आणि बाकीच्या साक्षी. फासे पुरावा शोधण्यापुरते. युक्तिवाद तोंडाने करायचा.

आणि ज्या मंत्राने खटला संपेल असं मला वाटायचं, त्यानेच तो रंगला. घेऱ्यात उभ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं, सत्याच्या हद्दीत राहून बगलही देता येते. ओर्वान म्हणाला, “सारवटच्या एकाही माणसावर मी हात उचलला नाही.” अक्षरशः खरं. मग कोळीण झालेल्या मुलाने विचारलं, “बांध फोडायच्या आधी गावात सांगावा धाडायला वेळ होता का?” ओर्वान काही बोलेना. मीही बोलले नाही, आणि पाचही जण माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुढे ‘स्पीक विथ डेड’ने गावच्या बुडालेल्या मुखियाला बोलतं केलं. प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात आणि जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच ते सांगतं. त्याने सांगितलं, सांगावा आला होता. पण कागदावर ‘उद्या रात्री’ होतं. कागद वाटेत कुणी बदलला का, यावर टेबलावर एकच ओरडा झाला: “ध चा मा!” नारायणरावाच्या खुनाची ती आख्यायिका मी मनातही आणली नव्हती. पण त्या क्षणापासून कागद नेणारा स्वार हाच खटल्याचा कणा झाला.

एक धोका मात्र खरा आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळातलं कोर्ट बघता बघता बेणारेबाईंच्या आयुष्यावर तुटून पडतं. आमच्याकडेही उलटतपासणीत ‘तुझा रोग’ऐवजी नुसतं ‘तू’ यायला लागलं, आवाज चढले. मी खेळ थांबवला, चहा केला, आणि उरलेली साक्ष खेळाडूंनी आपल्या नायकाचं नाव घेऊन, तृतीयपुरुषात दिली. असा खटला घेणाऱ्या प्रत्येक डीएमला मी हे आधी सांगेन.

निकाल चिठ्ठ्यांवर झाला. गाव बुडवण्याच्या हेतूच्या आरोपातून ओर्वान सुटला. सांगावा पोचल्याची खात्री न करता बांध फोडल्याबद्दल दोषी ठरला. शिक्षा: काठी कायमची जप्त, आणि सारवट पुन्हा उभं राहीपर्यंत तिथेच पहाऱ्यात राबायचं. फाशीला दोन चिठ्ठ्या पडल्या होत्या. त्यातली एक रोग खेळणाऱ्याची, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्याचा नायक त्या रात्री पार्टी सोडून गेला आणि त्याने नवं कॅरेक्टर बनवलं. तो खेळात नाराज होता आणि त्याची नाराजी मला रास्त वाटते. बुडालेल्यांच्या बाजूने इतक्या कळकळीने दुसरं कुणी बोललं नव्हतं.

माझी पुढची सगळी आखणी ओर्वान मेला असं धरून होती. ती मी बाजूला ठेवली. आता नवा खलनायक लिहिताना त्याचे मंत्र आणि शस्त्रं मी नंतर भरते. तो कशासाठी शस्त्र टाकेल, आणि टाकलं तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभं राहील, हे आधी लिहिते. कागद बदलणारा तो स्वार अजून मोकळा फिरतो आहे, आणि पार्टीला तो जिवंत हवा आहे.