अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी

मनन सांगणाऱ्याची परीक्षा शेवटच्या दोन मिनिटांत होते, आणि ती सगळ्यात अवघड करून ठेवणारं स्तोत्र म्हणजे अठ्ठ्याऐंशीवं. विलापाची स्तोत्रं तशी पुष्कळ आहेत. तेराव्या स्तोत्रात अवघी ६ वचनं. सुरुवातीला दावीद देवाला पुन्हा पुन्हा विचारतो की अजून किती दिवस, आणि सहाव्या वचनापर्यंत तोच माणूस गाऊ लागतो. बाविसावं टाकून दिल्याच्या आरोळीने सुरू होतं, पण मध्यावर वळतं आणि मंडळीतल्या स्तुतीकडे निघतं. अठ्ठ्याऐंशीवं वळतच नाही. हेमान एज्राही तीनदा देवाकडे धाव घेतो: रात्रंदिवस, रोज, आणि मग पहाटे. तरुणपणापासून आपण मरणाच्या काठावर आहोत असं सांगतो. मेलेले उठून तुझी स्तुती करतील का, असं विचारतो. अठराव्या वचनात जिवलग दूर गेलेले असतात, आणि उरतो तो अंधार. तिथे स्तोत्र संपतं.

खरी अडचण त्याच्या खालच्या ओळीपासून सुरू होते. लगेच एकोणनव्वदावं स्तोत्र आहे आणि त्याचं पहिलंच वचन देवाच्या दयेची गाणी सदोदित गाण्याचं आहे. नजर थोडी खाली सरकली की सुटका. आमच्या महिला मंडळाच्या शुक्रवारच्या सभेत विलापाचं मनन सांगताना माझी नजर वर्षानुवर्षं अशीच खाली सरकत आली. कधी एकोणनव्वदावं, कधी विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातली रोज सकाळी नवी होणारी दया, कधी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. कडू काढ्यावर गुळाचा खडा द्यावा तसं एखादं वचन मी शेवटी हातावर ठेवत असे.

आता नजर सरकत नाही. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. ओळीच्या कडा दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. मंडळीतली एक मुलगी संध्याकाळी येऊन वाचून दाखवते. ती नर्सिंग शिकते, रात्रपाळी करून आलेली असते, आवाज दमलेला असतो. सांगितलं तेवढंच वाचते आणि थांबते. दुसरं वचन हवं असेल तर मला मोठ्याने मागावं लागतं, आणि कशासाठी हवं आहे हे आधी स्वतःला सांगावं लागतं. पानं उलटणाऱ्या हाताला असा हिशेब कधी द्यावा लागला नव्हता.

पहिल्यांदा तिने अठ्ठ्याऐंशीवं वाचलं आणि विचारलं, "बाई, पुढे काय वाचू?" मी काही नको म्हटलं. आम्ही बसून राहिलो. त्या बसण्यात माझ्या लक्षात आलं की मला पुढचं वचन ऐकणाऱ्यांसाठी जितकं हवं असतं त्याहून अधिक माझ्यासाठी हवं असतं. शेवटचं वचन हा माझ्या हातखंड्याचा भाग होता. कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्यांना लागणार, हे मला आधीच ठाऊक असे. सभा संपल्यावर कुणी हात धरून म्हणे, बाई, आज फार आधार वाटला. ते ऐकण्यासाठी मी जगत असे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ती भूक अजून गेलेली नाही.

हेमानाने कुणाला आधार वाटावा म्हणून लिहिलं नाही. तरी इस्राएलाच्या मंडळीने ते १५० स्तोत्रांत ठेवलं, कापलं नाही, शेवटी आशेची ओळ जोडली नाही. रोमन कॅथलिक परंपरेत हे स्तोत्र दर शुक्रवारी, झोपेआधीच्या रात्रीच्या प्रार्थनेत येतं. चांगल्या दिवशी, वाईट दिवशी, म्हणणाऱ्याच्या मनात अंधार असो वा नसो. माझ्या प्रॉटेस्टंट शिस्तीत स्तोत्र मी निवडते, आणि निवडणारा माणूस सोपं निवडतो. या एका बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो.

सोप्याची हौस आता फार वाढली आहे. रोज पहाटे मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रावर छापलेली वचनं येतात. त्यांतलं सर्वांचं लाडकं यिर्मया २९:११: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, पुढे आशा आहे. हे वचन पाठवणाऱ्याने त्याच्या आधीचं दहावं वचन पाठवलेलं मी पाहिलं नाही. त्यात बाबेलातली ७० वर्षं आहेत. यरुशलेमेतून कैद करून नेलेल्या लोकांना ते पत्र होतं, आणि ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना कळलं असणार की आपण परत जाणार नाही, आपली नातवंडं जातील. आशा आहे, पण ती त्या सत्तर वर्षांच्या पलीकडे आहे. ती वर्षं कापून टाकली की वचन गोड होतं आणि खोटं होतं. मोठ्या हॉलमध्ये कीबोर्ड आणि झगमगत्या दिव्यांसह संदेश देणाऱ्या नव्या प्रचारकांवर माझा हाच राग आहे. त्यांच्या सभांत रडणाऱ्याला रडून पुरं होईपर्यंत वेळच मिळत नाही. लगेच टाळ्या सुरू होतात. नगरच्या आमच्या जुन्या मंडळ्यांत नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर बसून म्हटली जात. त्या चालींना घाई नव्हती. ती बैठक मोडली आणि तिच्याबरोबर दुःखात थांबण्याची सवयही मोडली, असं मला ठामपणे वाटतं.

पंडिता रमाबाईंचा विचार मी या स्तोत्राशी बसते तेव्हा हटकून येतो. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. त्या काळात केडगावला त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. म्हणजे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्रही त्यांच्या हाताखालून गेलं. त्या बाईला हे स्तोत्र कुणी समजावून सांगायला नको होतं.

आणि जर्मन पाळक बोनहॉफर. फिन्केनवाल्डेच्या सेमिनरीत तो विद्यार्थ्यांना आठवडाभर एकाच छोट्या उताऱ्यावर रोज सकाळी अर्धा तास मुकाट्याने बसवत असे, आणि ते कुरकुरत. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची सभास्थानं जाळली गेली. त्याच्या बायबलात चौऱ्याहत्तराव्या स्तोत्राच्या आठव्या वचनाशी, जिथे देशातली देवाची सभास्थानं जाळल्याचं लिहिलं आहे, त्याने ती तारीख लिहून ठेवली. टीका नाही, भाष्य नाही, नुसती तारीख. मला मनन म्हणजे काय हे त्या तारखेइतकं नेमकं कुणीच सांगितलेलं नाही. वचन आणि जग समोरासमोर आणायचं आणि मधून आपण बाजूला व्हायचं. मे २०२३ मध्ये मणिपुरात घरं आणि प्रार्थनामंदिरं जळाली तेव्हा मीही त्याच वचनाशी तारीख लिहिली. माझ्या समासात अशा पुष्कळ तारखा आहेत, दुष्काळाच्या आणि कोविडच्याही. आता त्या मला वाचता येत नाहीत. मुलगी वाचून दाखवते आणि कशाच्या आहेत ते विचारते.

याच मुलीने माझ्याशी वाद घातला. पुढच्या शुक्रवारी अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर मनन करायचं आणि दुसरं कुठलंही वचन जोडायचं नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "बाई, वॉर्डात रात्री तीन वाजता एकट्या पडलेल्या माणसाला मी हे वाचून दाखवून निघून जाऊ शकत नाही. आणि सभेनंतर बायका एकेकट्याच घरी जातात." तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. आमच्या सभेला येणाऱ्यांत पाथर्डीकडच्या ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या आया आहेत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत नवरे गमावलेल्या आहेत. त्यांना अंधारापाशी आणून सोडून देणं ही क्रूरता आहे. माझी शिस्त त्यांच्या जिवापेक्षा मोठी नाही.

मी बराच काळ त्यावर अडले. उत्तर मिळालं ते तिच्याच वाक्यात: निघून जाऊ शकत नाही. मग निघून जायचं नाही. ईयोबाचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंडं उघडली आणि सगळं बिघडलं, कारण प्रत्येकाला शेवट करून द्यायचा होता. इतकी वर्षं मी शेवट वाक्यात शोधत होते. मननाचा शेवट बसून राहण्यात असू शकतो. हेमानाचे जिवलग दूर गेले. आम्ही जायचं नाही, एवढंच त्या स्तोत्राला आमचं उत्तर. आणि तो स्वतः अंधारातही बोलतो आहे ते देवाशीच, पाठ फिरवून नाही. हे ऐकणारीला उमगेल किंवा उमगणार नाही. मी ते उलगडून सांगायचं नाही.

त्या शुक्रवारी असं ठरलं आहे: मुलगी स्तोत्र वाचेल, मी फक्त वर्षांची नावं घेईन, कुठला दुष्काळ, कुठला आजार, कुठली आग. मग कुणीही समारोपाची प्रार्थना करणार नाही. चहा तिथेच होईल, आणि शेवटची बाई उठेपर्यंत आम्ही दोघी उठणार नाही. ज्येष्ठांपैकी काहींना हे पसंत नाही. त्यांच्या मते आशीर्वादाविना सभा अपुरी राहते. त्यांचा मान राखून मी हे करणार आहे. त्या संध्याकाळी माझा हात धरून कुणी आधार वाटला म्हणणार नाही, आणि ते मला फार जड जाणार आहे. देवापुढे माझी प्रार्थना सध्या तेवढीच आहे, की त्या जडपणातून सुटण्यासाठी मी ऐन वेळी तोंड उघडू नये.