पायगाडीवरून डहाणू ते तलासरी

वाहनाचा वेग जितका अधिक, तितके प्रवासाचे फळ उणे, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. आगगाडीतून डहाणू पाहिलेल्या गृहस्थास चिकूच्या वाड्या आठवतात. महामार्गाने मोटारीतून तलासरीवरून गेलेल्यास उघडे माळ आणि उपाहारगृहांच्या पाट्या आठवतात. हे दोन्ही एकाच मुलखाचे भाग असून त्यांच्यामध्ये जेमतेम एका दिवसाची वाट आहे, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही. ती वाट पाहावयाची तर पायगाडीसारखे वाहन नाही. पायगाडीवाल्यास चढ कोणी सांगावा लागत नाही. तो त्याच्या गुडघ्यांस आपोआप कळतो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही व आमचा भाचा अशा दोघांनी ती वाट एका दिवसात केली. भाच्याच्या सायकलीस एकवीस गिअर होते. आमच्या जुन्या सायकलीस एकही नव्हता. परंतु साठी उलटल्यावर चढावर उतरून चालण्यात कमीपणा वाटत नाही, हा वयाचा मोठाच लाभ होय.

प्रारंभ डहाणूच्या खाडीपासून केला. डहाणू हे नाव फार प्राचीन आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर पांथस्थांस विनामूल्य पार उतरविण्यासाठी आपण नावा ठेविल्या, असे त्याने त्यात कोरविले आहे. यांपैकी दाहनुका ती डहाणूजवळचीच, असे विद्वान मानतात. राजाच्या जावयास शिळेवर कोरून ठेवण्याजोगे पुण्य वाटले ते कशाचे, तर ज्याच्यापाशी नावेचे भाडे नाही त्यासही पैलतीरी नेण्याचे. हा विचार मनात घेऊनच आम्ही सायकलीवर बसलो आणि दिवसभर तो आमच्याबरोबर चालला.

डहाणूपासून बोर्डीपर्यंतचा रस्ता सुमारे सतरा किलोमीटरांचा असून तो नरपड, चिखले, घोलवड या गावांवरून समुद्राच्या कडेकडेने जातो. डावीकडे सुरूची बने व त्यांपलीकडे ओहोटीने दूर गेलेले पाणी. उजवीकडे चिकूच्या गर्द वाड्या. सकाळच्या वेळी सुरूच्या पानांतून जो एकसुरी आवाज येतो, तो समुद्राचा की वाऱ्याचा हे सांगता येत नाही. मोटारीत हा आवाज ऐकू येत नाही, आणि वाडीतून येणारा पिकल्या चिकूचा गोड, किंचित आंबूस वासही येत नाही. चिकू हे मूळ मध्य अमेरिकेकडील झाड. पारशी व इराणी बागाइतदारांनी ते या किनाऱ्यास रुजविले आणि येथील मातीने ते असे आपलेसे केले की २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली.

पारशी मंडळींचा विषय निघाला म्हणून एक मौज सांगतो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघुराजा अपरान्त, म्हणजे आपली ही कोकणपट्टी, जिंकून पुढे पारसीकांवर स्वारी करण्यास निघतो, आणि तो स्थलमार्गाने गेला असे कालिदास मुद्दाम सांगतो. पुढे काही शतकांनी पारसीकच जलमार्गाने याच अपरान्तात आले. मात्र जिंकण्यासाठी नव्हे, तर आश्रयासाठी. ते प्रथम स्थिरावले ते संजाण बोर्डीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर आहे. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या गुहांत बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्यास प्रज्वलित आहे. रस्त्यावरून त्या डोंगराकडे बोट दाखवून आम्ही भाच्यास हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, म्हणजे डोंगराने शरण आलेल्यास जागा दिली." आम्ही म्हटले, "होय. पण त्या डोंगरात आधीपासून राहणारे जे होते, त्यांची कथा पुढे यावयाची आहे."

बोर्डीस न्याहारी केली. हे गाव शिक्षकाने टोपी काढून ओलांडावे असे आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीची येथील शाळा १९२० सालची. येथेच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला होता. परंतु शहरातील महागडी बालशाळा खेड्यात चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. गोटे, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. आणि मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात भरू लागली. ही अंगणवाडी. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा हा शब्द देशभर गेला.

तथापि बोर्डी म्हणजे किनारा. १९५७ साली हे केंद्र वारली वस्तीत, कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. आम्हीही घोलवडपर्यंत मागे फिरून, रेल्वेचे रूळ ओलांडून कोसबाडची वाट धरली. वाड्या विरळ होत गेल्या, ताड-माड मागे राहिले, साग दिसू लागला आणि चढ लागला. अंतर थोडेसेच, पण अर्ध्या वाटेवर आम्ही उतरलो, आणखी थोड्याने भाचाही उतरला. त्या चढावर आमच्या मनात आले, की ताराबाई व अनुताई हा चढ एकदा नव्हे, आयुष्यभर चढल्या. वारल्यांची मुले गुरे राखण्यास जात. म्हणून त्यांनी शाळा चराऊ कुरणात नेली व तिला कुरणशाळा हे नाव दिले. आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करणे हे आमचे नित्यकर्म होते. गैरहजर मुलाच्या मागोमाग शाळा नेणे ही गोष्ट निराळीच.

टेकडीच्या उतरणीवर एक तरुण वारली शिक्षक भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून घरी निघाले होते. आम्ही कुरणशाळेविषयी विचारताच ते म्हणाले, "माझी आई तिथेच पाटीवर पहिले अक्षर शिकली, गुरुजी." हे त्यांनी इतक्या सहज सांगितले, की आम्हांस पुढे प्रश्नच सुचला नाही.

कोसबाडहून आतल्या रस्त्यांनी तलासरीकडे जाताना चढउतारास अंत नसतो. भात कापून रिकामी झालेली खाचरे, गवताच्या गंजी, कुडाची घरे. जिव्या सोमा म्हसे यांनी ज्या चौकटी-त्रिकोणांतून वारली चित्रकला जगास दाखविली आणि २०११ साली पद्मश्री मिळविली, ती माणसे व ते बैल येथे चालताबोलता दिसतात. परंतु ही भूमी केवळ चित्रातली नव्हे. १९४५ साली तलासरी तालुक्यातील झरी गावी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करावयाची नाही, असा निश्चय झाला. लग्नाच्या कर्जापायी सपत्नीक जन्मभर सावकाराकडे राबणारा 'लग्नगडी' त्याच काळापर्यंत येथे होता. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड व आणखी चौघे प्राणांस मुकले. ही हकीकत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. ज्या साली किनाऱ्यावर बालशाळा निघाली, त्याच साली डोंगरात हा रक्तपात झाला. दोहोंमधील अंतर पायगाडीच्या काही तासांचे!

दिवस मावळताना तलासरी गाठली. १९६० साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा महाराष्ट्रात राहिलेला हा भाग. आज याच्या छातीवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग धावतो. तिकडे डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित असला, तरी ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची कोनशिला बसली आहे. मच्छीमार बांधवांचा त्यास विरोध आहे, तर काहींस त्यातून रोजगाराची आशा आहे. थोड्याच वर्षांत हे शांत रस्ते कसे असतील, कोण जाणे. म्हणून ज्या वाचकांच्या गुडघ्यांत बळ आहे, त्यांनी हा दिवस लवकर काढावा आणि शक्य तर घरातील मुलांस बरोबर न्यावे.

नवे रस्ते होवोत, नवी बंदरे होवोत. त्यास आमची ना नाही. प्रश्न उषवदाताचाच आहे. नाव मोठी झाली, वेगवान झाली. पण ज्याच्यापाशी भाडे नाही, तो पैलतीरी जाणार की नाही? कोसबाडच्या त्या दोन स्त्रियांनी आपल्यापुरते याचे उत्तर दिले होते. पुढचे उत्तर आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.