मफीबोशेथचं गाढव

वाचन : २ शमुवेल ९:१-१३ आणि १९:२४-३०



दोन महिने मी इथे काही लिहिलं नाही. उपासनेनंतर काहींनी विचारलं, "काका, लिहिणं बंद केलंत काय ओ?" बंद केलं नव्हतं. एका जुन्या गाडीच्या विचारात अडकलो होतो. घ्यावी की न घ्यावी, एवढाच प्रश्न होता. पण त्या प्रश्नाने माझं बरंच जुनं दुखणं उकरून काढलं, म्हणून आज ते तुमच्यासमोर मांडतो.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. देशभर पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मी तिशी ओलांडली होती. बूथवर बाळांच्या करंगळीला शाई लावायचं काम मी हौसेने केलं. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्या संध्याकाळी मला आईची फार आठवण आली. मला पाठीवर घेऊन तिने किती दवाखाने पालथे घातले, त्याची मोजदाद नाही.

तरीही तीस वर्षं मी साधी दोनचाकी चालवली. आधी हँडलला गिअर असलेली, नंतर बिनगिअरची. युक्ती एकच होती. थांबताना गाडी उजवीकडे कलती ठेवायची आणि उजवा पाय टेकायचा. "काकांना बघून कोण म्हणेल पायात अधू आहे म्हणून!" असं कुणी म्हटलं की मी वरवर हसायचो, पण आतून फार सुखावायचो. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

आषाढातली गोष्ट. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडलेलं. पाऊस, मागेपुढे गाड्यांची दाटी आणि रस्त्याला डावीकडे उतार. मागून कुणाच्या तरी हँडलचा धक्का लागला, गाडी डावीकडे कलली, आणि ज्या पायात बळ नाही त्याच पायावर सगळा भार आला. मी पडलो. खांद्याला मुका मार लागला, आरसा फुटला, बाकी काही झालं नाही. लोकांनी उचललं. पण घरी येऊन कपडे बदलताना माझे हात थरथरायला लागले, ते आदल्या रविवारच्या आठवणीने. त्या दिवशी वडगावच्या आजी माझ्या मागे बसल्या होत्या.

या आजींना मी दर रविवारी उपासनेला आणत असे. वय ७८, घरी कुणी नाही. पातळ नीट खोचून, मांडीवर शास्त्राची पिशवी धरून त्या मागे बसायच्या आणि रस्ताभर हळू आवाजात गाणं म्हणायच्या. तो धक्का आठ दिवस आधी लागला असता तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी आजींना निरोप पाठवला, "गाडी बिघडली आहे." बिघडली नव्हती. बंधूंनो, मी खोटं बोललो.

हिने तेव्हाच सांगितलं, "आता चाकं लावलेली गाडी घ्या, नाहीतर गाडी सोडा." तुम्ही अशा गाड्या पाहिल्या असतील. साधी स्कूटरच असते, पण मागे दोन्ही अंगांना एकेक जादा चाक जोडलेलं असतं. मोजली तर चाकं चार होतात, तरी सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. मी म्हणालो, महाग आहे. खरं कारण वेगळं होतं. त्या चाकांकडे बघताच कुणालाही कळलं असतं की चालवणारा लंगडा आहे.

आणि मजा बघा, मी या विषयावर रोज प्रार्थनाही करत होतो. "प्रभू, तुझी इच्छा कळव," असं म्हणायचो. मनात मात्र 'नको' हे उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं. त्याने सही करावी, एवढीच माझी अपेक्षा.

त्याच दिवसांत रोजच्या वाचनात २ शमुवेल आलं. मफीबोशेथची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीदाने त्याला शोधून काढलं आणि आपल्या पंक्तीला बसवलं. या अध्यायावर मी स्वतः दोनदा संदेश दिला आहे. पण यावेळी नववा अध्याय संपता संपता मी थांबलो. राजाच्या पंक्तीला रोज जेवत होता हे सांगून झाल्यावरही शास्त्र पुन्हा एकदा नोंद करतं की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. राजाने त्याला जमीन दिली, मान दिला. पाय मात्र तसेच राहिले, आणि शास्त्राने ते मेजाखाली झाकले नाहीत.

पुढे एकोणिसावा अध्याय. अबशालोमाच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून गेला, तेव्हा मफीबोशेथ मागे राहिला. राजा परत आल्यावर विचारतो, तू माझ्याबरोबर का आला नाहीस? त्याचं उत्तर अगदी साधं आहे. मी पायांनी अधू, म्हणून गाढवावर खोगीर घालून राजाबरोबर जायचं ठरवलं होतं, पण चाकराने मला फसवलं. आणि सोळाव्या अध्यायात हाच चाकर सीबा खोगीर घातलेली दोन गाढवं घेऊन एकटाच राजापुढे हजर झालेला दिसतो.

हे मी कितीदा वाचलं असेल, पण ते गाढव मला कधी दिसलंच नव्हतं. त्या माणसाला राजाकडे जायचं होतं. पाय नव्हते, म्हणून वाहन हवं होतं. ते मागताना त्याला लाज वाटली नाही. त्याला चाकराने अडवलं. मला कोणी अडवलं होतं? माझ्या दारात कुठलाही सीबा आला नव्हता. माझं खोगीर मीच लपवून ठेवलं होतं, आणि त्यापायी वडगावच्या आजीही घरी बसल्या होत्या.

गडहिंग्लजला अशी एक गाडी विकायची आहे, असं कळलं. नवऱ्याची गाडी होती, ते गेल्या वर्षी वारले. आपल्या मंडळीत गॅरेज चालवणारा एक तरुण आहे, त्याला घेऊन मी संकेश्वरमार्गे गेलो. बाईंनी गाडीवरचं जुनं पातळ बाजूला केलं. रोज पुसत असाव्यात, कुठे धूळ नव्हती.

"घेऊन जावा. ते गेल्यापासून नुसती उभी आहे. बघितली की जीव कासावीस होतो," त्या म्हणाल्या. किंमत सांगितली ३०,०००.

२०१५ सालची ११० सीसीची गाडी. आमच्या तरुणाने पहिल्यांदा इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली आणि मगच सुरू केलं. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं, असं तो म्हणाला. धूर निळा नव्हता. चासी नंबर आरसीशी जुळला. टायरवर ३८१५ हा आकडा होता, म्हणजे २०१५ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेला, बदलायलाच हवा. मग तो जमिनीवर आडवा होऊन जादा चाकांचे जोड बघू लागला. उजव्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसासारखी चीर होती.

मी चालवून पाहिली. तीस वर्षांची सवय मोडणं सोपं नाही. वळताना साधी गाडी आपण कलती करतो, ही कलत नाही. हँडल वळवायचं आणि वेग आधीच कमी करायचा, नाहीतर ती बाहेरच्या बाजूला फेकते. खड्ड्यात दोन्ही बाजूंची चाकं उंचावर राहिली तर मधलं चाक अधांतरी फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. रिव्हर्स नाही, त्यामुळे लावतानाच बाहेर कसं पडायचं याचा विचार करून लावायची. पण थांबलो तेव्हा पाय टेकावा लागला नाही. उजवाही नाही. नुसता बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी थांबवली आणि पडायची भीती वाटली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी हेल्मेटमध्येच ठेवलं.

मग तरुणाने मला बाजूला नेलं. "काका, चीर दाखवून जरा ओरडूया. वीस हजारांत देतील. आणि कागद बघितलासा काय? आरसीवर चाकांची नोंदच नाही. सगळे असंच चालवतात, कोण बघतंय?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तेव्हा मागे आजी बसलेल्या असतील. शिवाय गाडी एमएच-०९ ची. आमच्याकडे केए-२२ करायची तर कोल्हापूरहून ना-हरकत दाखला, इथला रोड टॅक्स, मालकी बदल. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो. माझ्या लायसन्सवरही अशा गाडीची नोंद हवी, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा. नोंदणीची १५ वर्षं २०३० ला संपतात, पुढे गाडी दाखवून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण.

आणि किंमत? नीतिसूत्रे २०:१४ मध्ये एक गिऱ्हाईक आहे. घेताना मालाला वाईट, वाईट म्हणतो आणि घरी गेल्यावर आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. त्या अंगणात मला तो गिऱ्हाईक माझ्याच चपला घालून उभा असलेला दिसला. चीर खरी होती, ती सांगणं भागच होतं. पण चीर सांगणं वेगळं आणि विधवेला घाबरवणं वेगळं.

मी बाईंना बोलावलं. चीर दाखवली. तरुणाला म्हटलं, "खर्च किती येईल ते यांच्यासमोर सांग, तुझ्या गॅरेजच्या दराने." ब्रॅकेट, बेअरिंग आणि टायर मिळून त्याने ४,००० सांगितले. कागदांचंही सांगितलं, आणि पुढे कुणालाही विकलीत तरी हे सांगून विका म्हणालो. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चार जण बघून गेले. एकाने भंगार म्हटलं, एकाने किस्तीवर मागितली. नोंदीचं कुणी बोललं नाही. आमचे हे आठ वर्षं तशीच चालवत होते. देवानेच राखलं म्हणायचं." त्या स्वतःहून २६,००० म्हणाल्या.

मी लगेच हो म्हटलं नाही. लूक १४ मध्ये आपला प्रभू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशोब करायला सांगतो. त्या रात्री एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी लिहिलं: गाडी २६,०००, दुरुस्ती ४,०००, कागद, कर आणि विमा मिळून अंदाजे ९,०००. एकूण ३९,०००. हिच्या भिशीचे ४०,००० होते. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, नवीनच घ्या, मी हप्ते भरतो." त्याच्या घराचे हप्ते मला माहीत आहेत. हिशोब बसत होता. तरी मी पेन खाली ठेवेना, तेव्हा हिने विचारलं, "आता काय राहिलं?"

मी म्हणालो, "लोक काय म्हणतील."

ती म्हणाली, "लोकांना तुमचा पाय माहीत आहे हो. तुम्हालाच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून होकार कळवला आणि २,००० रुपये विसार पाठवला. गाडी अजून तिकडेच आहे. ना-हरकत दाखला यायचा आहे, मग इन्स्पेक्टरसमोर उभी करून चाकांची नोंद करून घ्यायची आहे. वेळ लागेल. तोपर्यंत ती चालवायची नाही, असं ठरवलं आहे.

पण राजाकडे जायचं मी त्यासाठी थांबवलं नाही. गेल्या शनिवारी वडगावला गेलो आणि आजींना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाडी बिघडली नव्हती हे मला ठाऊक होतं. तू गल्लीतून जाताना दिसलास की रे." रागावल्या नाहीत. रविवारी मंडळीतल्या एका भगिनीने त्यांना रिक्षाने आणलं. आणि मी? गॅरेजवाल्या तरुणाला विचारलं, "मला घेऊन जाशील काय?" तीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या मागे बसून उपासनेला आलो. चढताना त्याचा खांदा धरावा लागला. फाटकात उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं, "सलाम काका" म्हणाले आणि आत गेले. एवढंच झालं. ज्या क्षणाला मी इतकी वर्षं घाबरत होतो, तो तेवढ्यात संपला.

तुमच्याही घरी असं एखादं खोगीर लपवलेलं असेल. कानाचं यंत्र कपाटात असेल, काठी दाराआड असेल, कुणाकडे मागायची मदत ओठांवर अडली असेल. ते बाहेर काढा. त्याच्यावाचून तुमच्याबरोबर आणखी कोण घरी बसलं आहे, तेही एकदा बघा.

प्रार्थना : हे देवबापा, माझे पाय तुला ठाऊक आहेत आणि माझा गर्वही. तुझ्या मेजावर मला जागा आहे, यावर माझा विश्वास बसू दे. घेताना आणि देताना मला खरं बोलू दे. त्या गडहिंग्लजच्या बहिणीला तू सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.