तिसरी हाक

मिरकरवाडा, रत्नागिरी
जुलैचा दुसरा आठवडा

ती. आप्पामामांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बंदरावर भुताखेताचा सिनेमा कशाला करतेस? आधीच कोकण म्हटलं की लोकांना भुताशिवाय काही सुचत नाही." तुमचा राग मला समजतो. पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शिवाय या गोष्टीवर माझ्याइतकाच तुमचाही हक्क आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी गोष्ट सांगते. सिनेमा जेमतेम बारा मिनिटांचा आहे. पावसाळ्यातली बंदी. बोटी बंदरात शाकारून ठेवलेल्या. नाखव्याने बोटीवरचा वायरलेस सेट काढून घरी आणून फळीवर ठेवलाय. त्याला ना बॅटरी जोडलेली, ना अँटेना. घरात त्याची भावजय आहे. तिचा नवरा तांडेल होता आणि त्याची बोट गेल्या हंगामात परत आलेली नाही. एका रात्री फळीवरचा तो सेट खरखरतो, १६ चा आकडा उजळतो आणि तिच्या नवऱ्याचा आवाज येतो : "बंदर, बंदर... बत्ती दिसत नाही." थोड्या वेळाने दुसऱ्यांदा हाक येते. ती माईक हातात घेते, पण बटण दाबत नाही. कारण लहानपणापासून तिने ऐकलंय की रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्या हाकेलाही देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल; जे माणूस नाही ते दोनदाच बोलावतं. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत बसते. सिनेमा एवढाच. भूत कुठेच दिसत नाही.

मामा, हे मला सुचलं ते तुमच्यामुळे. तुम्ही मला वायरलेस शिकवलात तेव्हा सांगितलं होतंत की सोळा नंबरचा चॅनल संकटासाठी राखलेला असतो, तिथे गप्पा मारायच्या नाहीत, आणि जीव धोक्यात असेल तर 'मेडे' हा शब्द सलग तीन वेळा उच्चारायचा. तीनदा का, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, वाऱ्यात एखादी हाक हरवते, तीनदा म्हटलं की कोणाच्या तरी कानावर पडते. आजी सांगायची ती तिसरी हाक आणि तुम्ही सांगितलेला हा नियम माझ्या डोक्यात कितीतरी दिवस शेजारी शेजारी पडून होते. दोन्हींची गाठ पडली तेव्हा गोष्ट तयार झाली. एक नियम घाबरणाऱ्याला सांभाळतो, दुसरा बुडणाऱ्याला. आणि तिसरी हाक आलीच नाही तर दोन्ही नियम पाळणाऱ्या बाईने करायचं काय? मला या सिनेमात एवढंच विचारायचंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. भयकथा हा हलका प्रकार आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या भुतांकडे नीट पाहिलं तर प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं दिसतं. गिऱ्हा पाण्यात ओढतो म्हणून पोरं तिन्हीसांजेनंतर खाडीत उतरत नाहीत. राखणदार, देवचार हद्दीवर असतो म्हणून कोणी दुसऱ्याच्या बागेत रात्री शिरत नाही. चकवा लागतो म्हणून अंधारात अनोळखी वाट धरायची नाही. माणसांनी शिकलेलं शहाणपण भीतीच्या रूपाने सांभाळून ठेवलंय. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा मराठी घराघरांत वाचल्या गेल्या, त्याही नुसत्या दचकायला मिळतं म्हणून नव्हे. दचकून झाल्यावर हातात काहीतरी उरतं, म्हणून त्या पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

'तुंबाड' तुम्ही पाहिला नसेल. तुंबाड हे आपल्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं गाव, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे तुम्हाला ते ठाऊक आहेच. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ साली आला. धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा त्यात आहे. चित्रीकरण सुरू झालं ते २०१२ मध्ये, आणि खरा पाऊस हवा म्हणून ही मंडळी पावसाळ्यामागून पावसाळे थांबली. त्यातला हस्तर नावाचा देव भुकेला असतो, त्याला पीठ लागतं. माणसाला त्याच्याकडच्या मोहरा लागतात. मला त्यात सगळ्यात भयंकर वाटतो तो माणूस, कारण त्याची भूक संपत नाही. चांगला भयपट असाच असतो. भूत निमित्ताला येतं आणि गोष्ट माणसाची होते.

आम्ही जागा शोधायला लागलो तेव्हा आमच्या गटातल्या मुलांनी पहिलं नाव थिबा राजवाड्याचं घेतलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैदेत असताना १९१० मध्ये त्या वाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. जन्मभर घराकडे तोंड करून बसलेल्या माणसाचं दुःख तिथे आहे. त्यावर भुताचा मुखवटा चढवायला माझं मन होईना. मग 'बसरा स्टार'चा विषय निघाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ते जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहिलं. कॅमेरा नुसता रोखला तरी भीती वाटावी असं ते दृश्य. पण अशी आयती भीती मला नको होती. बघणाऱ्याला गंजलेलं जहाज दिसलं की तो आधीच सावध होतो, आता काहीतरी होणार म्हणून. मला भीती हवी होती ती घरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या शेजारी. तिथे कोणी सावध नसतं.

शिवाय मिरकरवाड्याला जुलैमध्ये स्वतःचंच एक भय असतं, ते बाहेरच्यांना दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. एरवी जिथे बर्फाच्या गाड्या, क्रेट, लिलावाचा गलका आणि डिझेलचा वास यांतून वाट काढावी लागते, तिथे बोटीला बोट लावून उभ्या असतात आणि माणूस नसतो. भरती चढली की सगळ्या एकदम हलतात. दोरखंड ताणले जातात, टायर एकमेकांवर घासतात आणि एक लांबलचक कण्हल्यासारखा आवाज बंदरभर फिरतो. आमच्या सिनेमात संगीत नाही. हाच आवाज आहे. पहाटेची अजान सुरू होईपर्यंत आम्ही तो जेटीवर बसून मुद्रित केला.

आवाजाचं काम करताना मी खूप शिकले. १९४२ साली अमेरिकेत 'कॅट पीपल' नावाचा सिनेमा झाला. पैसे अगदीच तुटपुंजे होते, म्हणून त्या लोकांनी जनावर जवळजवळ दाखवलंच नाही. एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे पावलांचा आवाज येतो, तो थांबतो, आणि अचानक फुस्स करून एक बस तिच्यापुढे येऊन उभी राहते. बघणारे खुर्चीतून उडाले ते त्या बसमुळे. 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने १९७५ मध्ये तो बराच वेळ दाखवलाच नाही, आणि लोक रिकाम्या पाण्याला घाबरले. आमच्याकडे तर मोबाइलचा कॅमेरा, दोन एलईडी दिवे आणि एक माईक. भूत दाखवणं आम्हाला परवडणारं नव्हतंच. पण परवडलं असतं तरी मी दाखवलं नसतं.

तांडेलाचा आवाज कसा केला, ते तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. सोळा नंबरवर खेळ म्हणूनसुद्धा बोलायचं नाही, हे तुमचं सांगणं मी पाळलं. आवाज आधी मोबाइलवर मुद्रित केला. तो मोबाइल बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण अर्धं लावलं आणि बाहेर माईक धरून पुन्हा मुद्रित केला. शब्दांच्या कडा तुटल्या, मधली अक्षरं खाल्ली गेली. "बत्ती दिसत नाही" मधला "नाही" नीट ऐकूच येत नाही. बत्ती दिसते म्हणतोय की दिसत नाही, हे त्या बाईला कळत नाही आणि बघणाऱ्यालाही. त्या एका न कळलेल्या शब्दावर सगळा सिनेमा उभा आहे. पावसाचंही तसंच. समोरून उजेड टाकला तर पाऊस कॅमेऱ्यात येतच नाही. दिवा पावसाच्या मागे ठेवला की धार न् धार दिसते. म्हणून त्या बाईच्या खिडकीबाहेर दिवा आहे आणि ती स्वतः काळोखात आहे.

हा तांडेलाचा आवाज दिलाय एका नेपाळी खलाशाने. हंगामात बंदरावर मराठीबरोबर नेपाळी किती ऐकू येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बंदीत बहुतेक जण गावी जातात. हा राखणीला राहिला होता. आमच्या बंदरावर राहून तो मराठी बोलायला शिकलाय. मी त्याला गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इथल्या बाईला निदान समुद्र दिसतो. माझ्या आईने समुद्र पाहिलेलाच नाही. माझी बोट गेली तर ती कुठे बघणार?" हे वाक्य सिनेमात नाही, पण त्याचं नाव श्रेयनामावलीत सर्वांत वर आहे.

आता तुमचा आक्षेप. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात तिचं चित्रीकरण व्हायचं. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप तेव्हा कोकणातूनच घेतले गेले. मालिका खूप गाजली, पण ते आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. आजही एखाद्या बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या बातम्या येतात. अशा राज्यात भयपट करणाऱ्याने आपण कोणाच्या अंगावर भीती ढकलतोय, हे बघितलंच पाहिजे. म्हणून आम्ही काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवल्या. विधवा बाई भीतिदायक दाखवायची नाही. भीती तिला वाटते, तिची वाटत नाही. भगत, नारळ, लिंबू, उतारा काही नाही. खऱ्या जागेला भुताची जागा म्हणायचं नाही. आणि शेवटी 'हे सगळं खरं घडलं' अशी खोटी पाटी लावायची नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, मामा, की आपल्याला खरी भीती भुताची वाटत नाही. कोणीतरी हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, याची वाटते. तुम्ही एकदाच मला ११ नोव्हेंबर २००९ ची रात्र सांगितली होतीत. फयान वादळ आलं होतं, तुम्ही कसेबसे आडोशाला पोचला होता आणि वायरलेसवर इतके आवाज एकदम येत होते की कोणाला उत्तर द्यावं कळत नव्हतं. मग एक एक आवाज कमी होत गेला. एवढं सांगून तुम्ही उठून बाहेर गेलात. पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. व्हीएचएफचा आवाज वीस-पंचवीस सागरी मैलांपलीकडे सहसा जात नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या हाती काही नव्हतं, हेही माहीत आहे. तरी ती रात्र तुमच्या मनातून गेली नाही, आणि ज्यांची माणसं परतली नाहीत त्यांच्या मनातून तर जाणारच नाही. अशा रात्रीबद्दल किनाऱ्यावर कोणी उघड बोलत नाही. भयपटात ते बोलता येतं, कारण तिथे भीती वाटली म्हणून कोणाला लाज वाटत नाही. एवढ्यासाठी मी हा प्रकार निवडला.

फयानचं नाव सिनेमात नाही, कोणत्याही बोटीचं नाव नाही. तरीही ही गोष्ट तुमच्या त्या रात्रीतून आली आहे, आणि न विचारता ती लोकांपुढे मांडणं मला बरोबर वाटत नाही. कॉलेजात दाखवण्याआधी, स्पर्धेला पाठवण्याआधी तुम्ही ती पाहावी. नंतर वाडीतल्या ज्या घरांत असं दुःख आहे त्यांना, त्यांची इच्छा असेल तर, दाखवीन. तुम्हाला एखादा प्रसंग खटकला तर स्पष्ट सांगा, मी तो काढीन. सगळाच सिनेमा नको वाटला तर तो माझ्या लॅपटॉपमध्येच राहील, त्याबद्दल माझ्या मनात काही येणार नाही.

फक्त एक विनंती आहे. ३१ जुलैच्या आत या. १ ऑगस्टला बोटी सुटतील, आणि ज्यांच्यासाठी हा सिनेमा केला ते सगळे समुद्रावर असतील.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची