मद्दूरचा वडा: गाडीतला आणि कढईतला

बेंगळूरु ते म्हैसूर हे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटरचं. २०२३ साली खुला झालेला द्रुतगती मार्ग ते झपाट्यानं कापतो. तरीही मी दुपारची रेल्वे धरली, ती मद्दूरसाठी. नव्या रस्त्यावरच्या गाड्या मद्दूरात न शिरताच पुढे निघून जातात. रेल्वे मात्र तिथं थांबते. आणि ज्या कांद्याच्या वड्यानं या गावाचं नाव कर्नाटकभर केलं, तो वडा मुळात रेल्वेच्या फलाटावर जन्मला.

केंगेरी मागे पडलं की शहर हळूहळू सुटतं. बिडदीला ताटाएवढ्या पसरट ‘तट्टे इडली’चा दरवळ येतो. मग रामनगरचे ते उघडेबोडके, एकावर एक रचलेले प्रचंड खडक. १९७५च्या ‘शोले’त आपण सगळ्यांनी ते पाहिलेले आहेत. पण खिडकीतून बघताना त्यांच्या पायथ्याची नारळाची आणि तुतीची हिरवाई जास्त लक्षात राहते. रामनगर हे रेशीम कोषांच्या बाजाराचं गाव. पुढचं चन्नपट्टण लाखेच्या रंगातल्या लाकडी खेळण्यांचं. या मार्गावर दर थोड्या अंतरानं एकेक गाव स्वतःच्या हातची एक गोष्ट घेऊन उभं असतं.

चन्नपट्टण सुटलं आणि डब्याच्या टोकाकडून हाक आली, “वडे, वडे, मद्दूर वडे!” पाटीवर तळहाताएवढे, तांबूस तपकिरी, कडेला कांद्याच्या पाकळ्या बाहेर आलेले वडे रचलेले होते. कागदावर घेतलेला वडा मी मोडला, तर त्याचा कडकन आवाज झाला. पहिल्या घासाला तळलेल्या कांद्याची गोडी, मग मिरची, मग कढीपत्ता. सोबत चटणी नव्हती आणि तिची उणीवही भासली नाही. समोरच्या बाकावरच्या आजींनी आपल्या नातवासाठी दोन घेतले आणि आणखी चार बांधून पिशवीत ठेवले. म्हैसूरला घरी पोहोचून संध्याकाळच्या कॉफीबरोबर खायला.

त्या चार वड्यांनी मला विचारात पाडलं. आपली कांदाभजी अशी बांधून नेता येत नाही. कढईतून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात, एवढाच तिचा प्रवास. अर्ध्या तासात ती लोळागोळा होते. मग हा वडा संध्याकाळपर्यंत कुरकुरीत कसा राहतो? त्याचं उत्तर शोधायला मी मद्दूरला उतरलो.

मद्दूर हे मंड्य जिल्ह्यातलं, शिंशा नदीकाठचं गाव. इथला शहाळ्यांचा बाजार मोठा. मुंबईच्या रस्त्यांवर आपण पितो त्यातली कितीतरी शहाळी इथून ट्रकांनी येतात. वड्याची जन्मकथा मात्र गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. १९१७ साली इथल्या रेल्वे स्थानकावर रामचंद्र बुध्या यांचं शाकाहारी उपाहारगृह होतं. तिथं कांद्याचे गोळे तळून प्रवाशांना विकले जात. एकदा गाडी यायची वेळ झाली आणि माल तयार नव्हता. तेव्हा त्यांनी पिठाचे गोळे हातावर थापून चपटे केले आणि तसेच तेलात सोडले. लोकांना ते इतके आवडले की पुढे तोच आकार कायम झाला, असं सांगतात.

स्थानकाबाहेरच्या एका लहानशा हॉटेलात दुपारचा घाणा चालू होता. परवानगी मागितली, तर मालकांनी मला सरळ भटारखान्यातच नेलं. कढईपाशी पन्नाशीचे एक अण्णा होते. त्यांचं हिंदी आणि माझं कन्नड बेताचंच, पण हातांची भाषा पुरेशी होती.

परातीत तांदळाचं पीठ, मैदा आणि ‘चिरोटी रवा’, म्हणजे आपला अगदी बारीक रवा. त्यात उभा चिरलेला भरपूर कांदा, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कोथिंबीर, हिंग, मीठ. अण्णांनी आधी कांदा मिठाबरोबर चुरला आणि त्याला पाणी सुटू दिलं. मग पिठं घातली, त्यावर कडकडीत तेलाचं मोहन ओतलं आणि पिठाच्या कणाकणाला ते चोळलं. पाण्यासाठी मी भांड्याकडे पाहिलं, तर त्यांनी नुसती बोटं बुडवून शिंपडा मारला आणि म्हणाले, “स्वल्प, स्वल्प.” अगदी थोडं.

सगळं इंगित त्या ‘स्वल्प’मध्ये होतं. आपल्या खेकडा भजीतही कांद्याच्याच पाण्यात पीठ कालवतात. इथं ते तत्त्व आणखी पुढे नेलेलं आहे. बेसन नाहीच. तांदळाच्या पिठानं कुरकुरीतपणा येतो, मैद्यानं वडा फुटत नाही, रव्यानं खुसखुशीतपणा येतो, आणि मोहनामुळे मैदा चिवट होत नाही. कणकेहून घट्ट असा गोळा झाला की तो थोडा वेळ झाकून ठेवतात. मग तेल लावलेल्या कागदावर लिंबाएवढी गोळी ठेवून बोटांनी थापायची. वडा पातळ हवा, पण पापडासारखा नको. मधला कांदा शिजून कोरडा होईल एवढाच.

तळणं मध्यम आचेवर. अण्णांनी वडे सोडले तेव्हा तेलात मोठा खळखळाट झाला. ते ओलाव्याच्या वाफेचे बुडबुडे. पाच-सहा मिनिटांनी आवाज मंदावत गेला, बुडबुडे विरळ झाले, तेव्हा कुठे त्यांनी झारा घातला. रंग त्यांनी शेवटी पाहिला, कान आधीपासून लावला होता. मोठ्या आचेवर वडा वरून लाल होतो आणि आत कांद्याचं पाणी तसंच राहतं. थोड्या वेळानं तेच पाणी बाहेर येऊन वडा मऊ पाडतं. मंद तेलात तो तेल पितो. गोळा चपटा केल्यानं पाण्याला बाहेर पडायला जवळची वाट मिळते. रामचंद्र बुध्यांनी तो घाईत थापला असेल, पण टिकण्याची किमया त्या थापण्यानंच साधली.

चारच्या सुमारास बाहेरची बाकं भरली. शेतावरून आलेले लोक, शाळेतल्या बाई, बसची वाट पाहणारी मुलं. पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात फेसाळत जाणारी फिल्टर कॉफी आणि शेजारी वडा. चिकोरीच्या कडवट चवीपुढे कांद्याची गोडी खुलते. मला स्वतःला हा वडा आपल्या आल्याच्या चहाबरोबर त्याहूनही शोभेल असं वाटलं, आणि अण्णांना ते सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली.

पुढच्या गाडीनं मंड्यच्या उसाच्या आणि भाताच्या शेतांमधून, श्रीरंगपट्टणजवळ कावेरी ओलांडून म्हैसूर गाठलं. रात्री पुडा उघडला. कागदाला तेलाचे डाग मोजकेच होते आणि वडा दुपारसारखाच कडकन मोडला.

घरी करायचा असेल, तर दोन वाट्या उभ्या चिरलेल्या कांद्याला एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी बारीक रवा, अर्धी वाटी मैदा आणि तीन चमचे कडकडीत मोहन घ्या. मीठ लावलेला कांदा दहा मिनिटं तसाच ठेवा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावा, तोही शिंपड्यापुरता. थापून मध्यम आचेवर तळा, आणि कढईचा आवाज थांबेपर्यंत घाई करू नका. गार झाल्यावरच डब्यात भरा. आणि बेंगळूरु-म्हैसूर प्रवासाचा योग आला, तर एकदा तरी वेगवान रस्ता सोडून रेल्वेनं जा आणि मद्दूरला उतरा. शंभर वर्षांहून अधिक काळ प्रवाशांची चारची वेळ सांभाळणाऱ्या या गावाचं आपण एवढं देणं लागतो.