एकेक देणारा

सी-शार्पमध्ये चार दिवस काढलेत आणि आय-इन्युमरेबलशी गाठ पडली नाही, असं होत नाही. गडी स्वभावानं आळशी. "किती आहेत?" विचारा, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. "पाचवा दे" म्हणा, पहिल्यापासून मोजत येईल. "पुढचा?" म्हटलं की मात्र निमूट पुढचा हातावर ठेवतो. 2005 साली 'यील्ड रिटर्न' आलं तेव्हा या आळसाला राजमान्यता मिळाली, आणि 2007 मध्ये 'लिंक' क्वेरी आल्यावर जो तो मेथडमधून यालाच परत पाठवू लागला.

त्याचा आळस कामाचा आहे, हे कबूल करायला हवं. काही जीबींची लॉग फाइल 'रीड-ऑल-लाइन्स'नं उघडा, अख्खा अ‍ॅरे मेमरीत येऊन बसतो. 'रीड-लाइन्स' याला पाठवतं. हा एकेक ओळ आणून देतो, मशीनला घाम फुटत नाही.

पण मी याच्यापायी तोंडघशी पडलोय. एका रिपोर्टच्या डोक्यावर 'एकूण नोंदी : 212' आणि खाली ओळी 213. तासभर डोकं खाजवलं. मेथड परत देत होती आय-इन्युमरेबल. मी आधी त्याला 'काउंट' विचारला, मग 'फॉर-ईच'मध्ये फिरवला. दोन्ही वेळा पठ्ठ्या नव्यानं डेटाबेसला जाऊन आला, आणि मधल्या क्षणात कुणीतरी एक नोंद भरली. त्यानं फसवलं नव्हतं. डेटा आपल्याकडे आहे असं तो म्हणालाच कधी? तो फक्त 'आणून देतो' म्हणाला होता.

लिस्ट त्याच्या अगदी उलट. सगळं मोजून हवाली करते, पण इतकी भोळी की घेणारा खुशाल 'क्लिअर' म्हणून आपलंच घर रिकामं करून जाईल. म्हणून डेटा हातात तयार असेल तर मी 2012 मध्ये आलेल्या आय-रीडओन्ली-लिस्टला पाठवतो. संख्या सांगते, पाचवा थेट देते, 'अ‍ॅड'चं नाव काढत नाही. (कास्ट करून लुडबुड करणारे असतातच, त्यांना कोड रिव्ह्यूत गाठायचं.) द्यायला काहीच नसेल तर रिकामी लिस्ट द्यावी, नल नको.

आय-इन्युमरेबलला मी हल्ली पॅरामीटरमध्ये बसवतो. तिथे तो शोभतो. रिपोर्टच्या त्या मेथडच्या शेवटी आता 'टू-लिस्ट' आहे.