गुलाबाचा रंग तेलात का उतरत नाही?

मुलांनो, आज तुम्हांला एक कोडं घालते. गडद गुलाबी पाकळ्या पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवल्या, तर तेलाचा रंग कोणता होईल? गुलाबी? आमच्या चौथीच्या वर्गानंही एका सुरात हेच उत्तर दिलं होतं. पण घाई करू नका. आधी तेल तर करू या!

थंडीत हातापायांवर नखानं रेघ ओढून बघा. पांढरी उमटते ना? कोरडी हवा कातडीतलं पाणी ओढून घेते म्हणून तसं होतं. तेलाचा पातळ थर बसला की ते पाणी उडून जायला वेळ लागतो. म्हणून आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच तेलाचे चार थेंब चोळावेत.

आता कृती. दहा-बारा गावठी गुलाब घ्या. तो सुंदर वासाचा, पटकन पाकळ्या गाळणारा असतो ना, तोच. मात्र फुलं घरच्या किंवा शाळेच्या बागेतली, औषध न फवारलेलीच हवीत. बाजारातल्या फुलांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, ती नकोत. फुलं सकाळी लवकर तोडा, कारण ऊन चढलं की वास उडून जातो. पाकळ्या सुटया करून सावलीत कागदावर पसरा. दोन-तीन दिवसांनी चुरगळून बघा. कुरकुर वाजल्या की वाळल्या! ही पायरी गाळू नका बरं का. पाकळ्यांत पाणी राहिलं की बुरशी आलीच म्हणून समजा.

काचेची बरणी मोठ्या माणसांकडून उकळत्या पाण्यातून काढून घ्या आणि कडकडीत वाळवा. अर्धी बरणी पाकळ्यांनी भरा. वर घाण्याचं तिळाचं तेल इतकं ओता, की पाकळ्या बुडून बोटभर तेल वर राहील. खोबरेल चालेल, पण ते २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत पंचाईत होते. बरणीला फडकं गुंडाळून ती कोरड्या, उबदार जागी ठेवा आणि रोज एकदा हलवा. पंधरा दिवसांनी मलमलच्या फडक्यातून तेल गाळून घ्या. वास मंद वाटला तर त्याच तेलात नव्या वाळक्या पाकळ्या घालून पुन्हा ठेवा.

तरी अत्तरासारखा घमघमाट मात्र येणार नाही. अत्तराची गोष्टच वेगळी. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या मोठ्या भांड्यांत फुलं उकळून त्यांची सुगंधी वाफ थंड करतात. शुद्ध गुलाबतेल एक किलो मिळवायला साधारण तीन ते पाच हजार किलो फुलं लागतात! बादशहा जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहिलंय, की नूरजहाँची आई गुलाबपाणी करत असताना भांड्यातल्या गरम पाण्यावर तेलकट साय जमली. तिनं ती नीट गोळा केली आणि गुलाबाचं अत्तर सापडलं. पाहिलंत? नीट बघणाऱ्यालाच सापडतं.

आमच्या वर्गात तेल गाळलं त्या दिवशी सगळे ओरडले, "बाई, हे तर पिवळंच राहिलं!" खरंच, गुलाबी रंगाचा टिपूससुद्धा नव्हता. त्या गडबडीत पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे रोज लावलं तर मी गोरी होईन?"

नऊ वर्षांची पोर! हा प्रश्न तिच्या मनात आला कुठून? लग्नाच्या जाहिरातींतून, शेजारणीच्या टोमण्यांतून, क्रीमच्या डब्यांवरून. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम आपल्याकडे १९७५ साली आलं. त्याच्या नावातला 'फेअर' शब्द गेला तो थेट २०२० साली.

मी तिला म्हटलं, "नाही होणार. आणि व्हायची गरजही नाही." मग सगळ्या वर्गाला कोड्याचं उत्तर सांगितलं. गुलाबाच्या रंगाचं नाव अँथोसायनिन. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. वास मात्र तेलात उतरतो. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिनमुळे येतो. ते कातडीच्या आतच तयार होतं आणि उन्हातल्या अपायकारक किरणांपासून आपल्याला सांभाळतं. सावळ्या अंगात ही छत्री जास्त दाट असते, इतकंच. वरून चोळलेलं गुलाबाचं तेल तिला धक्का लावत नाही. तेल कातडी मऊ करतं, गोरी नाही.

ती मुलगी काही बोलली नाही. पण तिनं तेलाचा थेंब कोपरावर चोळला, वास घेतला आणि शेजारणीपुढे हात धरला, "बघ ना, किती मऊ!"

तुम्ही हा प्रयोग पुढेही नेऊ शकता. दोन पाकळ्या कोमट पाण्यात चुरगळा. पाण्याला रंग येईल. त्यात लिंबू पिळा, गुलाबी रंग खुलेल. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाका. काय होतं ते मी सांगणार नाही, तुम्हीच बघा!

आणि हो, तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. खाज आली, लाल झालं तर वापरू नका. मुरुमांवर, जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नका. बाटलीवर तारीख लिहा आणि दोन-तीन महिन्यांत ती संपवा. खवट वास आला तर सरळ टाकून द्या. आणि कुणी विचारलं, "यानं गोरं होता येतं का?" तर त्याला आधी तेलाचा रंग दाखवा!